वालपरैची माकडे आणि सैरंध्रीची हाक

पहिला दिवस : नागपूर

नागपूरच्या माणसाला माकडांचे अप्रूप वाटावे असे खरे तर काही नाही. सेमिनरी हिल्सच्या बाजूला राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या गच्चीवर काळतोंड्या वानरांची टोळी महिन्यातून दोनतीनदा हमखास उतरते, कढीपत्ता ओरबाडते, पाण्याच्या टाकीचे झाकण उचकटून पाहते आणि शेजाऱ्यांच्या आंब्यावर निघून जाते. त्यामुळे जानेवारीच्या अखेरीस दीड हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आम्ही माकड पाहायला निघालो आहोत, हे कळल्यावर नातेवाइकांनी जी थट्टा केली, ती मी निमूटपणे ऐकून घेतली.

या प्रवासाचे बीज मात्र नागपूरजवळच पडले होते. प्राणिशास्त्र शिकणारी माझी भाची, सौ. आणि मी, असे तिघे गेल्या हिवाळ्यात जबलपूर रस्त्याने सिवनीला गेलो होतो. मनसर ते खवासा या टप्प्यात राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो, आणि रुंदीकरणाच्या वेळी तिथे वन्यप्राण्यांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून पाच भुयारी मार्ग आणि चार लहान पूल बांधण्यात आले. गाडीतून जाताना कडेचे उंच पडदे तेवढे दिसतात, पण खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघांसह अठरा जातींचे प्राणी ये-जा करताना टिपले गेले, हे भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केले होते. मी नागपूरकराच्या अभिमानाने हे सांगत असताना भाची म्हणाली, "मामा, पण ज्या प्राण्याला जमिनीवर उतरायचंच नसतं, त्याच्यासाठी खालून रस्ता काढून काय उपयोग? वालपरैला त्यांनी वरून काढलाय." वालपरै हे तामिळनाडूतले एक डोंगरी पठार. त्या एका वाक्यासाठी आम्ही केरळ एक्सप्रेसची तीन तिकिटे काढली.

तो प्राणी म्हणजे सिंहपुच्छ माकड. त्याला सिंहपुच्छ वानर म्हणण्याचीही पद्धत आहे, पण मराठीने वानर आणि माकड हे दोन शब्द निराळे ठेवले आहेत आणि ते निराळेपण इथे उपयोगी पडते. आमच्या गच्चीवर येतो तो वानर : लांब शेपटीचा, पाने पचवू शकणाऱ्या पोटाचा. माकड आखूड अंगलटीचे, मिळेल ते गालातल्या थैल्यांत कोंबून नंतर निवांत खाणारे. सिंहपुच्छ हा गालांत थैल्या असलेला, म्हणजे माकडच. काळ्याभोर अंगावर चेहऱ्याभोवती रुपेरी-करड्या केसांची आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. जगात हा प्राणी केवळ आपल्या पश्चिम घाटात, कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू या तीन राज्यांच्या वर्षावनांतच आढळतो. मोकळ्या जंगलात यांची एकूण संख्या सुमारे चार हजार, आणि त्यांतली प्रजननक्षम माकडे अडीच हजारांहून कमी असावीत असा अंदाज आहे. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती 'संकटग्रस्त' म्हणून नोंदलेली आहेत, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

महाराष्ट्राला त्यातल्या त्यात जवळची वस्ती उत्तर कन्नड जिल्ह्यात, शिरसी आणि होन्नावर यांच्या मधल्या अघनाशिनी नदीच्या खोऱ्यात आहे. तिथे २०११ मध्ये याच माकडाच्या नावाने संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. कोकणमार्गे तिकडे जाणे कदाचित सोपे पडले असते. पण भाचीला झाडांवरचे पूल बघायचे होते, आणि खर्च माझा असला तरी कार्यक्रम तिचा होता.

सेवाग्राम, चंद्रपूर आणि बल्लारशा मागे पडेपर्यंत डब्यात मराठी ऐकू येत होती. वरंगलला रात्रीचा चहा घेतला तेव्हा ती संपली.

दुसरा दिवस : कोइंबतूर आणि पोल्लाची

या दिवसाबद्दल लिहिण्यासारखे फारसे काही नाही. गाडी उशिरा पोहोचली, कोइंबतूरहून पोल्लाचीपर्यंत भाड्याची मोटार केली आणि नारळाच्या बागांमधून जाताना दक्षिणेकडे अनैमलैची निळी रांग प्रथम दिसली. अनैमलै म्हणजे हत्तींचा डोंगर. आमच्या सारथ्याला हिंदी थोडी येत होती. "कुरंगु देखने?" असे त्याने दोनदा विचारले आणि मग तो एवढे हसला की मला घरच्या नातेवाइकांची आठवण झाली. तमिळमध्ये या माकडाला 'सोलैमंदी' म्हणतात, हे त्यानेच सांगितले. सोलै म्हणजे डोंगरातली दाट राई. मल्याळमध्ये तोच 'सिंहवालन', आणि त्याचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही.

तिसरा दिवस : चाळीस वळणे

पोल्लाचीहून वालपरै चौसष्ट किलोमीटरवर आहे. आळियार धरणाच्या पुढे तपासणी नाका लागतो आणि तिथून चढ सुरू होतो. घाटात चाळीस हेअरपिन वळणे आहेत, आणि प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी आहे. सौ.ने पहिल्या सहा वळणांपर्यंत मोजली आणि मग डोळे मिटून घेतले. नवव्या वळणाला लोम यांच्या नावाने ओळखला जाणारा देखावा आहे. तिथे खाली धरणाचे पाणी आणि कोरडी मैदाने एका दृष्टिक्षेपात येतात, आणि कठड्याच्या पलीकडच्या कातळावर निलगिरी ताहर ही रानबकरी चरताना दिसली. तामिळनाडूचा हा राज्यप्राणी. तीन माद्या आणि एक करडू, अगदी हाताच्या अंतरावर, पर्यटकांच्या सेल्फींना कंटाळलेली.

वर पोहोचल्यावर जे दिसते त्याने माझा थोडा गोंधळ उडाला. चारही दिशांना हिरवेगार, कातरून गुळगुळीत केलेले डोंगर, सौ. म्हणाली, "किती सुंदर जंगल आहे." ते जंगल नव्हते. तो चहा होता. वालपरैचे पठार साधारण दोनशे वीस चौरस किलोमीटरचे आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या काही दशकांत इथले वर्षावन तोडून चहा, कॉफी आणि वेलदोड्याचे मळे लावले गेले. या लागवडीचे एक आद्य प्रवर्तक कार्व्हर मार्श यांचा पुतळा घाटरस्त्यावर उभा आहे. पठाराच्या भोवती अनैमलै व्याघ्र प्रकल्पाचे सलग जंगल आहे. मध्ये मात्र चहाच्या समुद्रात वर्षावनाचे चाळीसेक तुकडे बेटांसारखे उरले आहेत. काही बेटे इतकी लहान की आमच्या अंबाझरी उद्यानात बसावीत.

विदर्भात तुटलेले जंगल म्हणजे मध्ये शेती, खाणी किंवा रस्ता. ते पाहताच तुटलेपण कळते. इथे तुटलेपण हिरवे आहे, म्हणून लक्षात येत नाही. झाडावरच्या प्राण्याला मात्र ते पहिल्या उडीतच कळत असणार. चहाचे झुडूप कमरेएवढे. सावलीसाठी लावलेल्या सिल्व्हर ओकच्या फांद्या एकमेकींना भिडत नाहीत. ज्या माकडाचा सगळा दिवस शेंड्यांवरच्या छतात जातो, त्याला दोन बेटांमधले पाचशे मीटर हे आपल्याला भर समुद्रातल्या पाचशे मीटरांसारखेच.

संध्याकाळी धुके उतरले आणि थंडी वाढली. नागपूरच्या जानेवारीतून आलेल्या आम्हांला ती नवी नव्हती, पण ती ओली होती.

चौथा दिवस : पुदुतोट्टम

वालपरै गावाला लागूनच, पोल्लाची रस्त्यावर पुदुतोट्टम नावाचा वर्षावनाचा तुकडा आहे. आकार सुमारे ब्याण्णव हेक्टर. तो खासगी मळ्याच्या मालकीचा असल्यामुळे आत शिरता येत नाही, आणि शिरण्याची गरजही पडत नाही. सकाळी साडेसातला आम्ही रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि मी दुर्बीण काढून दूरच्या झाडांवर नजर फिरवू लागलो. भाचीने माझा खांदा दाबला. पहिले सिंहपुच्छ माकड आमच्या मागे दहा पावलांवर, सिमेंटच्या कठड्यावर बसून एक पिशवी फाडत होते.

दीड हजार किलोमीटरचा प्रवास असा एका क्षणात फळाला यावा याचा मला आनंदच व्हायला हवा होता. झाला, नाही असे नाही. प्राणी विलक्षण देखणा आहे : आयाळीच्या चौकटीतला काळा, गंभीर चेहरा, तपकिरी डोळे, आणि एखाद्या जुन्या न्यायाधीशाची बसण्याची ढब. नराचे वजन दहा किलोपर्यंत भरते. मादी त्याहून बरीच लहान. माद्यांच्या पोटाशी पिल्ले होती, काही इतकी लहान की त्यांना अजून आयाळ फुटली नव्हती आणि चेहरे फिकट होते. तासाभरात भाचीने त्रेचाळीस माकडे मोजली. झाडांवर, कठड्यावर, चहाच्या झुडपांत, विजेच्या खांबावर आणि एक थेट कामगारांच्या चाळीच्या कौलांवर.

अखंड वर्षावनात हे माकड जमिनीवर जवळजवळ उतरतच नाही. टोळीही साधारण दहा ते वीस जणांची, बहुधा एकच प्रौढ नर असलेली. पुदुतोट्टमच्या एवढ्याशा तुकड्यात मात्र गेल्या काही वर्षांच्या अभ्यासांत दीडशेहून अधिक माकडे, पाच टोळ्यांत विभागलेली, नोंदवली गेली आहेत. नव्वदच्या दशकात ती याहून बरीच कमी होती. आकडा वाढला म्हणजे संवर्धन साधले, असे आपले मन पटकन म्हणते. माझेही म्हणाले. पण कौलावरच्या त्या माकडाकडे बघत राहिल्यावर ते समाधान टिकेना. या माकडांना जायला दुसरी जागाच नाही. एरवी तरुण नर वयात आला की जन्माची टोळी सोडतो, दुसऱ्या जंगलात जातो आणि त्याच्याबरोबर रक्त बदलते. इथे सोडून जायचे कुठे? म्हणून ती आहेत तिथेच वाढली, रस्त्यावर उतरली, कचऱ्याची पेटी उघडायला शिकली.

रस्त्याच्या वर, दोन्ही बाजूंच्या मोठ्या झाडांना बांधलेल्या शिडीसारख्या जाड पट्ट्या लोंबत होत्या. हेच ते पूल. नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशन ही मैसुरूची संस्था गेली अनेक वर्षे या पठारावर काम करते. तिने वन विभाग आणि मळेवाल्यांच्या मदतीने असे पूल टांगले, कारण रस्ता रुंद झाला, दोन्हीकडच्या फांद्या तुटल्या, आणि जमिनीवरून रस्ता ओलांडणारी माकडे गाड्यांखाली येऊ लागली. पट्ट्या रबर लावलेल्या कॅनव्हासच्या आहेत, म्हणजे पावसात कुजत नाहीत आणि पकड सुटत नाही. रचना अगदी साधी. आपल्या महामार्गाच्या भुयारांवर जो खर्च झाला असेल त्याच्यापुढे काहीच नाही.

सव्वानऊला एक टोळी रस्त्याच्या उजव्या बाजूला गोळा झाली. आधी एका प्रौढ मादीने पट्टीवर हात ठेवून ती हलवून पाहिली. मग ती चालत निघाली, धावत नव्हे, शेपटीचा गोंडा किंचित वर धरून. तिच्यामागे दोन पोरे, मग पिल्लू पोटाशी घेतलेली दुसरी मादी. खालून सरकारी बस गेली, तेव्हा सगळी मधोमध थांबली आणि बस गेल्यावर पुढे चालू लागली. भाची मोबाइलवर चित्रीकरण करायचेच विसरली. टोळीतले तीन तरुण नर मात्र पुलाकडे न बघता खाली उतरले आणि दोन मोटारींच्या मधून पळत गेले. पूल आहे म्हणून सगळे पुलावरूनच जातील असे माणसांतही घडत नाही. आमच्या व्हेरायटी चौकात कोणीही पाहावे.

यासाठीच इथे रस्त्यावर पाळतीला माणसे नेमली आहेत. हातात फलक घेऊन ती वाहनांचा वेग कमी करायला लावतात आणि पर्यटकांना खाणे देण्यापासून अडवतात. आम्हांला त्यांतल्या एकाने अडवले ते फार उशिरा. सौ.ने नागपूरहून संत्रा बर्फीचा डबा आणला होता आणि तो मागच्या आसनावर, उघड्या खिडकीशी होता. एक मोठा नर शांतपणे आला, हात आत घालून डबा घेतला, कठड्यावर बसून झाकण काढले आणि चारपाच वड्या दोन्ही गालांत कोंबल्या. ही सगळी क्रिया त्याला ठाऊक होती. डबा उघडण्यात एका क्षणाचाही अडखळ नव्हता. पाळतीवरचा माणूस धावत आला आणि तमिळमध्ये आम्हांला जे बोलला त्याचा शब्दही कळला नाही, तरी अर्थ पूर्ण कळला. संकटग्रस्त प्राण्याला माणसाच्या खाण्याची चटक लावणाऱ्या लोकांबद्दल मी निवृत्तीपूर्वी वर्गात बरीच व्याख्याने दिली आहेत. त्या यादीत आता मीही आहे.

पाचवा दिवस : वेडिप्पला

सकाळी एका स्थानिक वाटाड्याबरोबर आम्ही मळ्यांच्या कडेने, दुसऱ्या एका तुकड्याच्या काठापर्यंत गेलो. वाट ओलसर होती, पण कोरड्या महिन्यांमुळे जळवांचा त्रास झाला नाही. वाटाड्याने एका सरळसोट, उंच झाडापाशी थांबून वर बोट दाखवले. फांद्यांवरच, पानांशी संबंध नसल्यासारखे, तपकिरी मांसल फुलांचे आणि कळ्यांचे झुबके लगडले होते. हे वेडिप्पला, म्हणजे 'फुटणारा फणस'. वनस्पतिशास्त्रातले नाव कलेनिया एक्झारिलाटा. पिकल्यावर त्याचे काटेरी फळ तडकते म्हणून हे नाव. अनैमलैच्या मध्यम उंचीवरच्या वर्षावनात सिंहपुच्छ माकडाचे वर्ष या झाडाभोवती फिरते : आता फुलांतला गोड रस, मग कोवळी फळे, मग बिया. इतर जनावरांना ज्या काटेरी कवचाचा त्रास होतो ते हे माकड हाताने आणि दाताने सहज फोडते. त्याखेरीज फणस, उंबर-वडाच्या जातीची फळे, झाडाच्या सालीखालचे किडे, कोळी, पक्ष्यांची अंडी, एखादा झाडबेडूक. फळे खाऊन बिया इकडेतिकडे टाकणारे म्हणून जंगलालाही त्याची गरज आहे.

या तुकड्याच्या काठावर, जिथे पूर्वी निलगिरीची आणि टणटणीची झुडपे होती, तिथे आता दहा-पंधरा मीटर उंचीची मिश्र झाडे उभी होती. दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन या दोन शास्त्रज्ञांनी २००० सालाच्या सुमारास इथे वर्षावन पुन्हा उभारण्याचे काम सुरू केले. जंगलातून आणि रस्त्यांच्या कडेने बिया गोळा करायच्या, रोपवाटिकेत शंभराहून अधिक देशी जातींची रोपे वाढवायची, तण काढून ती पावसाळ्यात लावायची, आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. मळे असलेल्या कंपन्यांनी जंगलाचे तुकडे राखण्याचे मान्य केले, हा या कामाचा अर्धा भाग; झाडे लावणे हा उरलेला अर्धा.

वृक्षारोपणाचे कार्यक्रम आम्ही नागपुरात पुष्कळ पाहिले आहेत. खड्डे, हार, फोटो, आणि उन्हाळ्यात वाळलेल्या काड्या. त्यामुळे मी वाटाड्याला जरा खवचटपणे विचारले की यांतली किती जगली. त्याने उत्तर दिले नाही. मला एका झाडाखाली नेले आणि वर पाहायला सांगितले. त्या लावलेल्या झाडाची फांदी जुन्या जंगलाच्या झाडाच्या फांदीला टेकली होती. "अब जाता है," तो म्हणाला. म्हणजे, आता इथून माकड जाते.

परतताना मळ्याच्या चाळीत एका कामगार आजींनी चहा दिला. भाचीने माकडांबद्दल विचारल्यावर आजींनी स्वयंपाकघराच्या खिडकीला लावलेली जाळी दाखवली. आधी तांदूळ गेला, मग दूध, मग एकदा देवापुढची केळी. सकाळी सातला चहाच्या खुडणीला जायचे, संध्याकाळी यायचे, आणि मधल्या वेळात घरात कोण शिरले हे भांड्यांवरून ओळखायचे. त्यांचा राग खरा होता. तरी माकडाला दगड मारायचे का, असे विचारल्यावर त्यांनी मान हलवली : त्याचे पोरही पोटाशी असते, असे सारथ्याने त्यांचे बोलणे हिंदीत सांगितले. अशा बायकांच्या सहनशीलतेवर या माकडाचे भवितव्य किती अवलंबून आहे, याची मोजदाद कोणत्याही अहवालात होत नाही. ती सहनशीलता फुकट आणि कायमची मिळेल असे गृहीत धरणे मात्र अन्यायाचे आहे. जाळी कोणी तरी पुरवायला हवी, कचऱ्याची पेटी बंद हवी. वाघाने गाय मारली तर आपल्याकडे नुकसानभरपाईची तजवीज असते. दूध सांडले तर नसते.

या प्राण्याच्या बाबतीत घाईने काही भरून निघत नाही. मादीला पहिले पिल्लू साधारण साडेसहा वर्षांची झाल्यावर होते, आणि त्यानंतरच्या दोन पिल्लांत अडीच वर्षांच्या आसपास अंतर पडते. एक मादी रस्त्यावर मेली तर तिची जागा भरायला जंगलाला किती वर्षे लागतील, याचा हिशेब आठवीतला विद्यार्थीही करू शकेल.

सहावा दिवस : उतार

चाळीस वळणे उलट्या क्रमाने. दुपारी पालक्काड ओलांडून संध्याकाळी मन्नारक्काडला मुक्काम केला. रात्री भाचीने मला, दुसऱ्या दिवशी जायचे होते त्या केरळातल्या सायलेंट व्हॅलीचा इतिहास सांगायला लावला, कारण त्या वेळी मी तिच्याएवढा होतो आणि वर्तमानपत्रांत तो वाचला होता. कुंती नदीवर सैरंध्री येथे धरण बांधून वीज निर्माण करण्याची योजना १९७३ मध्ये मंजूर झाली. जी दरी बुडणार होती ती घाटातल्या सर्वांत अस्पर्श वर्षावनांपैकी एक होती. केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या शिक्षकांनी गावोगाव सभा घेतल्या, कवयित्री सुगतकुमारी रस्त्यावर उतरल्या, सालिम अली आणि एम. एस. स्वामिनाथन यांनी विरोध केला. आणि या सगळ्याचे चिन्ह ठरले हेच आयाळवाले माकड. "माकडांसाठी माणसांची वीज अडवता का," हा प्रश्न तेव्हा सर्रास विचारला गेला. योजनेची तपासणी करणाऱ्या एम. जी. के. मेनन यांच्या समितीनंतर १९८३ मध्ये योजना गुंडाळण्यात आली, १९८४ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधींनी त्याचे उद्घाटन केले.

सातवा दिवस : सैरंध्री

सायलेंट व्हॅलीच्या वेशीवरच्या मुक्कालीहून वन विभागाच्या जीपनेच आत जावे लागते. तेवीस किलोमीटरच्या कच्च्या रस्त्याला दीड तास लागतो. सैरंध्री हे अज्ञातवासातल्या द्रौपदीचे नाव आणि नदीचे नाव कुंती. महाभारत असे डोंगरात सांडलेले पाहून सौ. प्रवासात प्रथमच खुलली. बरोबरचा मार्गदर्शक अट्टप्पाडीतल्या आदिवासी वस्तीतला तरुण होता.

निरीक्षण मनोऱ्यावरून जे दिसले त्याचे वर्णन करणे कठीण आहे, कारण त्यात वेगळे काढून दाखवण्यासारखे काही नव्हते. चहा नाही, रस्ता नाही, तुकडा नाही. एका डोंगरावरून दुसऱ्यावर झाडांचे शेंडे अखंड पसरत गेले होते, आणि खाली कुठेतरी कुंतीचा आवाज होता. जिथे धरणाची भिंत उभी राहिली असती ती जागा मार्गदर्शकाने बोटाने दाखवली. मी ती नजरेने पाण्याने भरून पाहिली आणि लगेच सोडून दिली.

आम्ही तीन तास थांबलो. निलगिरी वानर दिसले, शेकरू दिसले, धनेशांची जोडी पंखांचा वाफेच्या इंजिनासारखा आवाज करत डोक्यावरून गेली. सिंहपुच्छ माकड एकही दिसले नाही. वालपरैला जे कठड्यावर बसून बर्फी खात होते, ते इथे आपल्या घरात असताना आम्हांला दर्शन द्यायला तयार नव्हते. मला प्रथम रुखरुख लागली आणि मग हळूहळू ती जाऊन तिथे एक चमत्कारिक समाधान आले. मनोऱ्यावरच्या इतर पर्यटकांनी मार्गदर्शकाकडे पैसे परत मागावे तशा सुरात तक्रार केली.

निघायची वेळ झाली तेव्हा दरीच्या पलीकडच्या उतारावरून एक आवाज आला. खोल, घुमणारा, थांबून थांबून येणारा 'हूऽ... हूऽ'. मी म्हणालो, निलगिरी वानर. मार्गदर्शकाने मान हलवली. निलगिरी वानराचा आवाज जाड आणि सलग असतो. हा टोळीतला प्रौढ नर होता, आपण कुठे आहोत हे शेजारच्या टोळीला कळवणारा. "सिंहवालन," तो म्हणाला आणि बोट ओठांवर ठेवले. पूर्वी या दोन्ही काळ्या प्राण्यांत शिकारीही फरक करत नसत. निलगिरी वानराच्या मांसापासून 'करिंगुरंगु रसायन' नावाचे औषध बनवण्यासाठी त्याची शिकार होत असे आणि त्यात सिंहपुच्छही मारले जात. हाक पुन्हा आली. थोड्या वेळाने फार दुरून, बहुधा नदीच्या वरच्या अंगाने, तिला उत्तर आले.

जीपच्या चालकाने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला आणि आम्ही उतरलो.

आठवा आणि नववा दिवस : परत

परतीच्या गाडीत बल्लारशाच्या आधी जाग आली तेव्हा भाची वहीत कोष्टक पुरे करत होती. तिने दोन रकाने केले होते, 'दिसली' आणि 'ऐकली'. पुदुतोट्टम : दिसली त्रेचाळीस, ऐकली शून्य. सैरंध्री : दिसली शून्य, ऐकली दोन. यांतले कोणते स्थळ अधिक चांगले, असे मामीने विचारल्यावर तिने तिसरा रकाना आखला, थोडा वेळ पेन धरून बसली, आणि गाडी चंद्रपूरला लागेपर्यंत तो रिकामाच होता.